राखून ठेवलेली खोली

आजपासून घरासमोरच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या आणि माझं डोकं फिरलं. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्हींच्या बाहेर लोंबणारा ऊस, ड्रायव्हरच्या कानाशी कोकलणारं गाणं आणि मागे तुंबलेला अख्खा इस्लामपूर-सांगली रस्ता. दुचाकीवरची पोरं जाता जाता एखादं कांडं उपसून घेतात आणि हसतात. दिवाळी सरून थंडी पडायला लागली की या भागातली माणसं खुशीत असतात. कारखान्याची चिमणी पेटली म्हणजे सगळं रांगेला लागलं, असं त्यांचं मत. मी मात्र गेली सात वर्षं या दिवसांत चिडलेली असते. हॉस्पिटलातल्या लोकांना वाटतं ड्यूट्यांमुळे. ड्यूट्यांमुळेही असते, पण ती बारमाही चीड. ही हंगामी.

त्यातच सकाळी शोभा सिस्टरचा फोन आला. मळीचा आंबूस वास खिडकीतून आत येत होता आणि ती फोनवर सांगत होती, "मॅडम, सुभेदार आबांनी खोलीला रंग काढलाय. यंदा सतरा भरत्यात न्हवं."

मी फोन ठेवला आणि चहाचा कप इतक्या जोरात आपटला की कान तुटला.

गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तिथली माणसं फोन करून जेवायला बोलावतील आणि मला तर त्यांच्यावर रागवायचं आहे. आष्ट्यापासून फार लांब नाही, एवढं पुरे. दर दोन घरांआड एक फौजी. दारावर पाट्या त्याच: हवालदार अमुक, नायक तमुक, खाली रेजिमेंट. डॉक्टरकीचं शिक्षण संपवून मी सरकारी बॉण्डचं एक वर्ष भरायला तिथं गेले, तेव्हा तेवीस वर्षांची होते. औंधच्या अलीकडं आमचं गाव. यमाईचा डोंगर दिसतो, पाणी दिसत नाही. घरात मेंढरं, दोन एकर ज्वारी. आमच्याकडची माणसं ऊस बघतात ती कोयता हातात घेऊनच. माझी सख्खी आत्या आठ हंगाम याच पट्ट्यात मोळ्या बांधत होती. त्यामुळे मी पहिल्यांदा त्या हिरव्यागार गावात एसटीतून उतरले तेव्हा भारावले वगैरे अजिबात नाही. मला उकडलं. सगळीकडून ऊस, वाऱ्याला यायला वाटच नाही.

आरोग्य उपकेंद्राची इमारत पडायला झाली होती, म्हणून ते बालवाडीच्या खोलीत हलवलेलं. अकरा ते एक पोरं खिचडी खायची, तोवर आम्ही बाहेर. एकनंतर सतरंज्या गोळा करून आमचं टेबल लागायचं. हात धुवायला बादली. बाईला तपासायचं तर दोन खिळ्यांना साडी बांधून पडदा. ती साडी शोभा सिस्टरची होती, घरून आणलेली, जांभळी. शोभा म्हणजे तिथली नर्स, आष्ट्याची, कंत्राटी. स्कूटीवरून यायची. कुणाची सून कितव्या महिन्यात आहे, कुणाचा म्हातारा गोळ्या न घेता खिशात लपवतो, सगळं तिला तोंडपाठ. मी आले तेव्हा तिला तिथं सात वर्षं झाली होती. मी तिला पहिल्या दिवशी काय विचारलं असेल? "स्टूल एकच आहे का?" एकच होतं. तिनं ते मला दिलं आणि वर्षभर उभी राहिली.

बालवाडीपासून शंभर पावलांवर दवाखाना होता. दोन खोल्या, पांढऱ्या फरश्या, तपासायचं टेबल, भिंतीत बेसिन, नळाला पाणी, दाराला जाळी. पुढं पायऱ्या आणि कट्टा. गावातल्या निवृत्त फौजींनी स्वतःच्या हातांनी बांधलेला, विटेला वीट लावून. आणि दाराला कुलूप. कारण तो 'आमच्या डॉक्टरचा'. आमचा डॉक्टर म्हणजे सुभेदार आबांचा मुलगा, तेव्हा इंग्लंडला जाऊन दहा वर्षं झालेला. दर शनिवारी सुभेदार कुलूप काढायचे, फरशी पुसायचे, नळ सोडून बघायचे आणि पुन्हा कुलूप लावायचे. सत्तरीचा माणूस, ताठ, मिशीला पीळ. बाहेर बादलीत हात धुणारी मी शनिवारी त्या नळाचा आवाज ऐकायची आणि माझी तळपायाची आग मस्तकात जायची.

या गावाची रीत अशी की पोरगं फौजेत गेलं की त्याची जागा कुणी घ्यायची नाही. तालमीतलं त्याचं मुद्गल तसंच राहतं. मार्गशीर्षातल्या जत्रेला जेवणं बसतात तेव्हा ड्यूटीवर असलेल्या प्रत्येकाच्या नावानं पान मांडतात, त्यावर पोळी आणि आमटी वाढतात, आणि मग ते पान गायीपुढं ठेवतात. सतरा वर्षं भरली, पोरगं पेन्शनवर आलं, की वेशीपासून जीपमधून मिरवणूक, फेटा, गुलाल, आणि त्याचं मुद्गल त्याच्या हातात. मला ही रीत आवडली होती. खरंच आवडली होती. नवऱ्याचं पान वाढताना एका फौजीच्या बायकोचा हात मी पाहिला आहे, तो विसरता येत नाही.

पण या लोकांनी तीच रीत इंग्लंडला लावली! डॉक्टरचंही पान मांडलेलं. मी पाहुणी म्हणून शेजारच्याच पानावर. मी सुभेदारांना म्हणाले, "आबा, ती नोकरी आहे. तिथं सतरा वर्षांनी कुणी सोडत नाही."

"आवं बाई, नोकरीच की! आमी बी नोकरीच केली. लडाखला काय आमी पिकनिकला व्हतो?" आजूबाजूचे सगळे मिशांतून हसले. "सतरा भरू द्या. येतोय बगा."

मी खोली मागितली. एकदा नाही, पाच वेळा. सरपंचांकडे मागितली, ग्रामसभेत मागितली, सुभेदारांच्या ओट्यावर बसून चहा पीत मागितली. कुणी कधी आवाज चढवला नाही, हेच मला सहन होत नसे. भांडले असते तर मीही भांडले असते. "तुमी पावण्या," सुभेदार म्हणायचे. "आज हायसा, वरीस झालं की निघाला. तुमच्या आधीचा सा म्हैने व्हता. त्याच्या आधीची तर सामानच काढलं न्हाई. जाणाऱ्याला खोली दिऊन कसं चालंल?" आणि मग घरात हाक मारून मला डबाभर काकवी द्यायला लावायचे. मी ती काकवी घ्यायची. खायचीही. चिडून खायची.

त्या हंगामात पाचट पेटलं की दुपारभर काळी पानं हवेत उडायची. बारीक, हलकी, हाताला लागली की काजळ. ती वाळत घातलेल्या कपड्यांवर, पोरांच्या खिचडीत, माझ्या औषधांच्या यादीवर बसायची. फुंकर मारली की रेघ उमटते, म्हणून नुसतं हलवून झटकायचं, हे शोभानं शिकवलं. आजही या खिडकीत एक पान येऊन बसलं आहे. मी ते बोटानं चिरडलं.

तर अशीच एक दुपार. पोरं खिचडी खात होती. तोडकऱ्यांची टोळी गावाबाहेरच्या माळावर कोप्या घालून उतरली होती, जतच्या बाजूची माणसं. त्यातली रुक्मिणी, दुसरं बाळंतपण, दिवस भरलेले. उसाच्या फडातून तिला बैलगाडीत घालून आणली ती पोट धरून, ओठ चावत. बघितल्यावरच कळलं, वेळ नाही. अँब्युलन्सला फोन केला. ती निघाली आणि कारखान्याच्या फाट्यावर ट्रॉल्यांच्या रांगेत अडकली. बालवाडीत पंचवीस पोरं आणि खाली सांडलेली खिचडी. मी शोभाला म्हणाले, "दवाखान्यात न्या." आणि पळत सुभेदारांकडे गेले.

ते अंगणातच होते. त्यांनी सगळं ऐकलं. किल्ली बंडीच्या खिशात होती, मला तिचा दोरा दिसत होता. त्यांनी खिशात हात घातला आणि मोबाइल काढला.

"थांबा. त्याला इचारतो."

"कुणाला?"

"डॉक्टरला. त्याची खोली हाय. ऑर्डर नको?"

त्यांनी फोन लावला. वाजत राहिला. तिकडं पहाट होती, झोपेची वेळ. त्यांनी पुन्हा लावला. मी त्यांच्या अंगावर ओरडले. माझ्या वडिलांच्याही वरच्या वयाच्या माणसाला मी "अक्कल आहे का" म्हणाले. ते चिडले नाहीत. कपाळावरचा घाम पुसला आणि तिसऱ्यांदा लावला. फौजेत अठ्ठावीस वर्षं ज्यानं हुकमाशिवाय दार उघडलं नाही, त्याला ते आता जमत नव्हतं. तेव्हा हे मला कळलं नाही. आज कळतं, आणि कळूनही राग तसूभर कमी होत नाही.

रुक्मिणी कट्ट्यावर बाळंत झाली. बंद दाराशी डोकं, पायऱ्यांकडे पाय. टोळीतल्या चौघी बायकांनी पदर सोडून आडोसा धरला, शोभानं आपली जांभळी साडी खाली अंथरली. रस्त्यावरून ट्रॉल्या चाललेल्या. सुभेदार धावत आले आणि आमच्याकडे पाठ करून रस्त्याच्या कडेला उभे राहिले, हात पसरून. एकेका ट्रॅक्टरवाल्याला दरडावत होते, "मान फिरीव! म्होरं बग!" शेवटपर्यंत हलले नाहीत. त्या बाईची अब्रू त्यांनी जिवापाड राखली. किल्ली खिशात ठेवून.

मुलगी झाली. रडली. रुक्मिणीही बरी होती. कुणी मेलं नाही, म्हणून कुणाला काहीच वाटलं नाही. उलट गाव खूश! सुभेदारांनी रुक्मिणीला साडीचोळी केली, सरपंचांनी पेढे वाटले, आणि 'डॉक्टरच्या कट्ट्याचा गुण' म्हणून एका म्हातारीनं पायरीला हळदकुंकू वाहिलं. ते बघून मी बालवाडीत जाऊन रडले. रागानं रडले. बारा दिवसांनी रुक्मिणी फडात मोळ्या बांधताना दिसली, लेक झोळीत.

संध्याकाळी माझ्या फोनवर परदेशचा नंबर आला. आवाज मऊ, दमलेला. "मॅडम, आबांनी सांगितलं. अहो, उघडायची ना खोली. विचारायचं काय त्यात?"

मला जे बोलायचं होतं ते मी सगळं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी आता परत येत नाही. मुलांच्या शाळा, घर, सगळं इथं आहे. पासपोर्टही इकडचा झालाय. आबांना मी सांगेनच, पण एवढ्यात नको. तुम्हीही बोलू नका." आणि मग, "तुम्ही तिथं कशाला सडताय? इकडची परीक्षा द्या. काही लागलं तर मला विचारा."

मी फोन बंद केला. काय माणूस आहे, असं शोभाला म्हणाले. आणि हेही लिहितेच: परीक्षेचं नाव मी लसीकरणाच्या वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवलं. आबांना मी काही सांगितलं नाही. माझा बॉण्ड संपायला चार महिने होते आणि मी ते चार महिने बादलीत हात धुऊन काढले. गावानं निरोपाला मला फेटा बांधला.

मी जानेवारीत जाते आहे. इंग्लंडलाच. पत्र आलं आहे, तिकीट काढलं आहे. का जाते, हे विचारणाऱ्यांचा मला आता मनापासून कंटाळा आला आहे. ज्या देशात मी सलग तीस तास उभी राहिले आणि एकतिसाव्या तासाला रुग्णाच्या पुतण्यानं माझ्या कानाशी काच फोडली, त्या देशात मला कुणी 'का राहतेस' असं एकदाही विचारलं नाही. सत्काराला मात्र सगळे तयार. औंधच्या चौकात माझा फोटो लागला आहे, शुभेच्छुक म्हणून चाळीस नावं, त्यातल्या अडतीस जणांना मी ओळखत नाही. माझा जन्म झाला तेव्हा यांच्यातलंच कुणीतरी 'पुन्हा पोरगीच' म्हणालं होतं.

अण्णांनी, माझ्या वडिलांनी, काहीच विचारलं नाही. मेंढरांपुढं पाला टाकत होते. म्हणाले, "आमी बी जायाचो की कोकणात, दिवाळी झाली की. मेंढरं, बिऱ्हाड, समदं घिऊन." मग पाल्याचा दुसरा भारा सोडला. "मिरगाला म्हागारी यायाचो." मी पायांत घोटाळणारं कोकरू उचलून बाजूला केलं आणि आत गेले.

तर सकाळी सिस्टरचा फोन आल्यावर मी रजा टाकली आणि त्या गावाला गेले. ट्रॉल्यांच्या मागे मागे, तासाच्या रस्त्याला दोन तास. वाटभर वाक्य जुळवत होते. सात वर्षं मी एका म्हाताऱ्याला फसवलं होतं, आणि त्याच्या मुलानं सतरा. आता तो मिरवणुकीची तयारी करत होता. शोभा अजून बालवाडीत हात धूत होती. उपकेंद्राची इमारत अजून 'मंजूर' होती. हे सगळं एका वाक्यानं मिटणार होतं, आणि ते वाक्य या हंगामात मी म्हटलं नाही, तर विमानात बसल्यावर कधीच म्हणणार नव्हते.

सुभेदार कट्ट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मिशी पांढरी झालेली, पाठ तशीच. खोलीला फिकट निळा रंग दिलेला, त्याचा वास येत होता. शोभा मला बघून बालवाडीतून बाहेर आली, ओले हात पदराला पुसत.

मी बसलेही नाही. "आबा, तुमचा मुलगा येणार नाही. मला सात वर्षांपासून माहीत आहे. मी सांगितलं नाही, ती माझी चूक."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "ठावं हाय मला."

"काय?"

"त्याचं टपाल येतंय हितं. पासपोर्टाचा कागद मीच वाचला. फौजेत विंग्रजी शिकलोय मी, बाई."

"मग कुलूप कशाला? रंग कशाला?" माझा आवाज चढला. "ती बाई इथं या कट्ट्यावर बाळंत झाली, आणि तुम्हाला माहीत होतं?"

"तवा न्हवतं ठावं. मागनं कळलं." ते रस्त्याकडे बघत होते. "कुलूप काडलं की गाव इचारणार, का काडलं. मग म्या काय सांगू? माझं पोरगं पळालं म्हनू?"

पळालं. फौजी माणसानं हा शब्द उच्चारायला किती वर्षं घेतली असतील! मी शेजारच्या पायरीवर बसले. शोभानं पाणी आणून दिलं. मग त्यांनीच विषय बदलला.

"तुमी बी निघाला म्हनं. कवा येणार म्हागारी?"

आणि मी, जी हे सगळं फाडायला दोन तास ट्रॉल्यांची धूळ खात आले होते, ती मी पटकन म्हणाले, "येईन की. दोन-तीन वर्षांत."

त्यांचा चेहरा उजळला. इतका उजळला की मला स्वतःला मारावंसं वाटलं. त्यांनी खिशातून किल्ली काढली, दोरा बोटाला गुंडाळला आणि म्हणाले, "मग झालंच की! तुमच्या नावानं ठिवतो खोली. गावाला बी सांगतो, आपल्या बाई येणार हायत. कुनाला हात लावू देत न्हाई."

"नको!" मी ओरडले. बालवाडीतली पोरं दारात आली. "नको, आबा. खोटं बोलले मी. मी येणार नाही. मला यायचंच नाही! कुणाच्या नावानं ठेवू नका. ही शोभा बघा, ही इथं आहे, हिला द्या किल्ली!"

सुभेदारांनी मान वळवून शोभाकडे पाहिलं. चौदा वर्षं ती बाई त्यांच्या दारावरून रोज स्कूटीनं जात होती. त्यांचं बीपी महिन्याला तीच बघत होती. किल्ली त्यांच्या बोटाला तशीच गुंडाळलेली. मग ती त्यांनी सावकाश सोडवली आणि जड आवाजात विचारलं, "सिस्टर, तुमी बी जाणार असला तर आत्ताच सांगा."

शोभानं हात पुढं केला. आवाज चढवला नाही, पण इतकी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. आधी तिनं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मी चवदा वर्सं हितंच हाय की, आबा," ती म्हणाली. "मला खोली पायजे का, हे तुमी बी कवा इचारलं न्हाई, आन् ह्या मॅडमनी बी न्हाई."